दोन पास, एकच नंबर

१

पिशवीतून फाईल निघालीच नाही. निघाला तो कन्नड वर्तमानपत्रांचा गठ्ठा, नीट घडी घातलेला, फाईलएवढाच जाड.

येलहंक्याच्या मराठी मंडळाच्या कचेरीत त्या वेळी पाच माणसं होती आणि पाचही जणांचे डोळे त्या गठ्ठ्यावर खिळले. बाहेर सभागृहात खुर्च्या मांडण्याचा आवाज चालू होता. अकरा वाजता मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा कार्यक्रम होता आणि सगळं अप्रूप होतं ते या फाईलचं. मंडळ काढणाऱ्या खंडोजी मोहित्यांची पत्रं, पहिल्या सभासदांची त्यांच्या हातची यादी, पन्नास वर्षांपूर्वीचे फोटो, सगळं तिच्यात होतं. खंडोजी गेल्या वर्षी पुण्यात मुलाच्या घरी वारले. तो मुलगा, सूर्यकांत मोहिते, सकाळच्या विमानानं फाईल घेऊन आला होता.

"पुण्यात मी स्वतः गाठ मारली या पिशवीला," सूर्यकांत म्हणाले. साठीचे, सडसडीत, बोलणं तोलून मापून. "ती सोडली आत्ता, तुमच्यासमोर."

चिटणीस दयानंदांनी गठ्ठा उचलून झटकला. घड्यांमधून कागदाचा एक लांबट तुकडा टेबलावर पडला. विमानतळाच्या बसचा दिवसभराचा पास. तारीख आजची. खाली ओळखपत्राचे शेवटचे चार आकडे, चार सात एक नऊ.

"हा कुणाचा?" दयानंदांनी विचारलं.

सूर्यकांतांनी मान हलवली. "मला पासबिस काही माहीत नाही. तिकिटांचं सगळं या बाईंकडे होतं."

या बाई म्हणजे अंजली. नागपूरची, सत्तावीस वर्षांची, बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत नोकरीला. मंडळाच्या पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं काम तिच्याकडे होतं आणि आजही सूर्यकांतांना तिनंच आणलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं मोबाईलच्या कव्हरमधून स्वतःचा पास काढून टेबलावर ठेवला. तारीख आजचीच होती. आकडेही तेच होते.

"एका बाईला दोन पास कशाला लागतात?" दयानंदांचा आवाज चढला. "दुसरं कुणीतरी चढवलंस बसमध्ये. त्यानं फाईल काढली, कागद कोंबले आणि जाताना पास आत पडला. होय की नाही?"

अंजलीनं तोंड उघडलं, सूर्यकांतांकडे पाहिलं आणि मिटलं.

"अकराच्या आत फाईल आली नाही तर पोलिसात जाणार मी. सांगून ठेवतोय."

पोलिसात नाव गेलं की कंपनीत नोकरी राहत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. दयानंद कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळले. "भाग्यलक्ष्मीअक्का, तुम्ही सव्वीस वर्षं लोकांचे पास तपासलात. तुम्हीच विचारा हिला."

कोपऱ्यातल्या भाग्यलक्ष्मीला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ सांगितलेलं बरं. तिला आनंद झाला.

२

भाग्यलक्ष्मीचे आजोबा निपाणीकडचे, पण ती जन्मली, वाढली आणि कंडक्टर म्हणून निवृत्त झाली ती बेंगळुरूतच. शेवटची नऊ वर्षं तिनं विमानतळाच्या बसवर काढली. खांद्यावरची कातडी पिशवी गेली तरी माणसाच्या चेहऱ्यावरून त्याच्याकडे पास आहे की नाही हे ओळखायची खोड गेली नाही. मंडळात कुणाचं काही हरवलं, कुणी कुणाला फसवलं, की बोलावणं हिलाच यायचं.

पाहुणे आणायचं काम निवृत्तीनंतर तीन वर्षं तिचं होतं. विमानतळाच्या दारात मंडळाची पाटी धरून उभं राहायचं, बाहेर येणाऱ्या गोंधळलेल्या माणसाला टॅक्सीवाल्यांच्या गराड्यातून सोडवायचं आणि हातात पास ठेवून म्हणायचं, "चला, आपली बस लागलीय." तो माणूस जो सुटकेचा श्वास टाकायचा, तो तिला फार आवडायचा. दसऱ्याला दयानंदांनी ते काम काढून अंजलीला दिलं. का, तर तिला इंग्रजी येतं, ती तरुण आहे, चटपटीत आहे. तेव्हापासून अंजलीचं नाव निघालं की भाग्यलक्ष्मीच्या नाकाला मिरच्या झोंबत. परवा कुणीतरी म्हणालं, "अंजली किती छान सांभाळून आणते हो!" त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

आणि आता तीच अंजली मंडळाच्या वाचनालयात तिच्यासमोर मान खाली घालून बसली होती.

"सांग. दोन पास काढलेस?"

"हो."

"दोन्ही तुझ्या नंबरावर?"

"हो, अक्का."

"बसमध्ये तू कुठं बसलीस?"

"मी समोर, लेडीज सीटवर. सर मागे बसले होते. गर्दी होती, बाजूला जागाच नव्हती. पिशवी त्यांच्या मांडीवर, त्यांची सॅक पायाशी. कोगिलू क्रॉसला उतरलो, मग ऑटो केला. मी त्या पिशवीला टचसुद्धा नाही केलं."

"मग दुसरा पास कुणाला दिलास?"

"ॲक्चुअली अक्का, तो पास..." अंजली थांबली. समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. तिचे डोळे भरून आले, पण आवाज कापला नाही. "तुम्हाला सांगून काय फायदा? सर म्हणाले ना, पास माहीतच नाही. मोठा माणूस खोटं बोलेल असं कोणाला वाटेल? आणि तुम्हाला तर हेच पाहिजे होतं."

भाग्यलक्ष्मीनं दोन्ही पास खिडकीशी नेऊन चष्म्याजवळ धरले. दोन्ही एकाच यंत्रातून निघालेले, दोन्ही बेळ्ळंदूरला, पहाटे चार वाजून बावन्न मिनिटांनी. छापील क्रमांक एकापुढचा एक. म्हणजे विमानतळाकडे जाताना, एका दमात काढलेले.

दुसरा पास कुणाचा ते तिला कळलं होतं. त्यावर चुकीचे आकडे का पडले तेही कळलं होतं. आणि त्यामागचं खरं कारण ठाऊक असलेली साऱ्या बेंगळुरूत ती एकटीच होती.

३

हा पास माणसागणिक असतो. त्यावर छापलेले चार आकडे आणि हातातलं ओळखपत्र जुळलं तर तो पास, नाहीतर नुसता कागद. म्हणून भाग्यलक्ष्मीनं आपली एक रीत बसवली होती. आदल्या दिवशी पाहुण्याला फोन करायचा आणि त्याच्या ओळखपत्राचे शेवटचे चार आकडे लिहून घ्यायचे. पहाटे जाताना दोन पास काढायचे, एक आपल्या आकड्यांचा, एक त्याच्या. पाहुणा दारातून बाहेर आला की पास तयार. ही युक्ती दुसऱ्या कुणाला सुचली नव्हती आणि तिचा तिला केवढा तरी अभिमान होता.

दसऱ्याला काम सोपवताना तिनं अंजलीला सगळं सांगितलं. पाटी कुठं धरायची, कोणत्या फलाटावर बस लागते, म्हाताऱ्या पाहुण्यांना पाणी आधी द्यायचं, सगळं. दोन पास काढून ठेव, हेही सांगितलं. आकड्यांचं तेवढं सांगितलं नाही. विसरली नव्हती. ओठावर आलेलं गिळलं होतं. होऊ दे एकदा फजिती, असं त्या वेळी तिच्या मनात आलं होतं, शब्दन् शब्द हेच.

आतापर्यंत अंजलीनं आणलेले पाहुणे कुणाकुणाच्या गाडीतून आले होते. बसनं आलेले सूर्यकांत पहिलेच. कंडक्टरनं पहाटे "नंबर?" म्हणून विचारलं असणार आणि पोरीनं दोन्ही वेळा आपलाच सांगितला असणार.

गप्प बसायला काय लागत होतं? काहीच नाही. अकरा वाजले असते, अंजली गेली असती, पाटी परत भाग्यलक्ष्मीच्या हातात आली असती. हा विचार तिनं केला आणि चांगला पाच मिनिटं घोळवला. मग स्वतःचीच शिसारी येऊन ती उठली.

पण पास सूर्यकांतांचा होता म्हणून फाईल कुणी घेतली हे सिद्ध होत नव्हतं. पाहुणा मंडळात आल्यावर कुणीतरी त्याच्या खिशातला पास आणि पिशवीतली फाईल दोन्ही काढली असतील. दयानंदांना कारण होतं. मंडळ खंडोजींनी काढलं की दयानंदांचे वडील गुंडू मास्तरांनी, हा त्यांच्या घरातला जुना वाद, आणि फाईलमधली यादी तो कायमचा मिटवणार होती. सभागृहाची देखभाल करणारा हयवदन तर पाहुण्याच्या खोलीत कॉफी घेऊन गेला होता, आणि कन्नड पेपर मंडळात एकट्याकडे येतो तो हयवदनकडे.

"हयवदना, तुझा आजचा पेपर कुठाय?"

"हा काय अक्का." त्यानं काउंटरखालून काढून दिला. पानं सगळी जागच्या जागी होती.

"पाहुण्यांच्या खोलीत किती वेळ होतास? खरं सांग हं."

हयवदन मराठी बोलायचा ते मंडळात शिकलेलं. तो हसला. "खोलीत कुठं जायला दिलं? कप दारातच घेतला त्यांनी. आंघोळीला पाणी काढू का विचारलं, नको म्हणाले. तोंड धुवायला गेले तर पिशवी काखेत! मी म्हटलं सर, ठेवा की, कोण नेतंय? तर रागावले."

"कपडे बदलले?"

"नाही. आले तोच शर्ट. खोलीतून थेट कचेरीत. दयानंदअण्णा मधे आले होते, पण नुसतं व्हरांड्यातून नमस्कार करून गेले."

भाग्यलक्ष्मी काउंटरपाशीच उभी राहिली. पिशवी काखेतून सुटली नाही, शर्ट अंगावरून उतरला नाही. मग पिशवीत हात घालणारा माणूस उरला कोण?

४

बाहेर सूर्यकांत एकटेच भिंतीवरचा एक मोठा फोटो बघत उभे होते. फोटोत खंडोजी हसत होते, खांद्यावर चार वर्षांचे दयानंद, अवतीभवती मंडळाची पोरं. हॉलमध्ये शिरणारा प्रत्येक जण हात जोडून म्हणत होता, "आमचे खंडोजीअण्णा! आम्हाला बापासारखे होते हो!" दर वेळी सूर्यकांत हसून मान लववत होते. पण हसू मावळलं की मागे जे उरत होतं, ते भाग्यलक्ष्मीनं बरोबर हेरलं. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. दसऱ्यापासून आपल्या घरच्या आरशात ती तोच बघत आली होती.

ती मागच्या अंगणात गेली आणि तिनं फोन लावला. विमानतळावरून सातच्या सुमाराला सुटणाऱ्या बसवर कंडक्टर कृष्णमूर्ती असतो, हे तिला पाठ होतं. दहा वर्षं दोघं एका डेपोत होते.

बोलणं कन्नडमध्ये झालं. त्याला सगळं आठवत होतं. पुण्याचे साहेब, पास त्यांच्याच हातात, आकडे ओळखपत्राशी जुळेनात. मी उतरवणार होतो, कृष्णमूर्ती म्हणाला. ती पोरगी पुढून धावत आली, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये हात जोडून म्हणाली, स्वल्प ॲडजस्ट माडी, जरा सांभाळून घ्या, पाहुणे आहेत, चूक माझी आहे. मला दया आली. पास त्यांना परत दिला, त्यांनी शर्टाच्या खिशात घातला.

"आणि एक सांगतो अक्का," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "त्या साहेबांनी माझे पेपर नेले. सीटवर ठेवले होते मी, कालचा आणि आजचा. ते उतरल्यावर बघतो तर गायब. कन्नड येतं का त्यांना?"

भाग्यलक्ष्मीनं घड्याळ पाहिलं. साडेदहा.

५

सूर्यकांतांना आत घेऊन पाहुण्यांच्या खोलीचं दार तिनं आतून लावलं.

"मोहितेसाहेब, फाईल तुमच्या सॅकमध्ये आहे."

"काय बोलताय तुम्ही?" सूर्यकांत ताडकन उठले. "घरी बोलावून अपमान करता?"

"पास माहीत नाही म्हणालात. कंडक्टरनं तो तुमच्या हातात बघितलाय. त्याचेच पेपर तुम्ही उचललेत. पिशवी तुम्ही काखेतून सोडली नाही, म्हणजे पेपर आत घालणारे तुम्हीच. बसमध्ये मागच्या सीटवर फाईल सॅकमध्ये सरकवलीत आणि घाईत पेपर दुमडताना खिशातला पास घडीत पडला. फाईल वाटेत चोरीला गेली असं दिसावं, एवढंच तुमच्या मनात होतं. पोरीचं नाव यावं असं नव्हतं, तेही मला कळतंय. पण आलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात."

सूर्यकांत हळूहळू खाली बसले.

"मी दहा वर्षांचा असताना आई गेली," ते म्हणाले. "बाबांनी मला पुण्याला आत्याकडे पाठवलं. बेंगळुरूत तुझ्याकडे बघायला वेळ कुठाय, म्हणाले. विमानात मी ही फाईल पहिल्यांदा उघडली. इथल्या प्रत्येक पोराला वाढदिवसाचं पत्र, आणि त्याची नक्कल ठेवलेली. दयानंदला एकट्याला सात पत्रं. मला वर्षातून एक कार्ड यायचं, परीक्षेचे मार्क विचारणारं." त्यांनी पायाशी ठेवलेली सॅक जवळ ओढली. "शेवटची आठ वर्षं ते माझ्या घरी होते. मी आंघोळ घातली, मी भरवलं. शेवटच्या दिवशी शुद्धीवर आले आणि विचारलं काय, तर दयानंदच्या मुलाचं लग्न ठरलं का! आणि ही पत्रं मी काचेच्या कपाटात ठेवायला आणून द्यायची? तुम्हाला नाही कळायचं ते."

"मला नाही तर कुणाला कळणार?" भाग्यलक्ष्मी म्हणाली. "माझ्या जागी आलेल्या पोरीवर मी दसऱ्यापासून जळतेय."

त्यांनी मान वर केली. मग सॅक उघडून निळी फाईल तिच्या हातात दिली.

"एक कराल? फाईल चुकून सॅकमध्येच राहिली होती, म्हणून सांगा. कुणालाच काही लागायचं नाही."

भाग्यलक्ष्मीला ते ऐकायला फार बरं वाटलं. सगळ्यांचंच झाकलं जाणार होतं, तिचंही.

"आणि पेपर पिशवीत कुणी घातले म्हणून सांगू?" तिनं विचारलं. "पोरीचे दोन पास टेबलावर तसेच पडलेत. लोक म्हणतील, घाबरून आणून ठेवली असेल. जन्मभर म्हणतील. नाही साहेब. चला. तुमचं तुम्ही सांगा, माझं मी सांगते."

"तुमचं काय?"

ती फाईल घेऊन कचेरीकडे निघाली.

६

कचेरीत सूर्यकांतांनी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, पण लपवलं काही नाही. दयानंद फाईलमधली आपल्या नावाची सात पत्रं हातात घेऊन उभे राहिले आणि रागवावं की रडावं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती सूर्यकांतांच्या पुढे ठेवली. "ही तुम्हीच न्या," ते म्हणाले. "आम्हाला ठाऊकच नव्हतं बघा, तुम्हाला येत नव्हती ते."

मग ते अंजलीकडे वळले. "चुकलो मी, पोरी. पण तूही दोन्ही पासांना आपलाच नंबर कसा दिलास? एवढं साधं कळू नये?"

अंजलीनं मान खाली घातली. भाग्यलक्ष्मीला आणखी एकदा गप्प बसता आलं असतं.

"तिला कळणार कुठून?" ती म्हणाली. "पाहुण्याचे आकडे आधी विचारून घ्यायचे असतात, हे मी तिला मुद्दाम सांगितलं नाही. काम माझं काढून घेतलंत, मला ते सोसलं नाही. तिची फजिती व्हावी असं वाटत होतं. आकडे बरोबर असते तर तो पास कुणाचा हे पडल्या पडल्या कळलं असतं आणि या पोरीवर आळ आलाच नसता. यांनी फाईल लपवली, पण आळ माझ्यामुळं आला."

बाहेर कुणीतरी माईक तपासत होतं. हयवदन दारात ताटकळत होता, त्याला आत यावं की जावं कळेना.

दयानंदांनी घसा साफ केला. "झालं गेलं. असं करू या अक्का, पाहुणे आणायचं पुन्हा तुम्हीच बघा. अंजलीलाही नोकरी सांभाळून दगदगच होते."

हेच ऐकायला भाग्यलक्ष्मी दसऱ्यापासून झुरली होती. तिनं अंजलीकडे पाहिलं.

"नाही," अंजली म्हणाली. तिनं टेबलावरचा आपला पास उचलून पुन्हा कव्हरमध्ये घातला. "संध्याकाळी सरांना सोडायला मीच जाणार, आणि पुढच्या पाहुण्यांना आणायलाही. आता मला माहीत आहे कसं करायचं ते. आणि काही अडलंच, तर कंडक्टरला विचारेन. तुम्हाला नाही विचारणार, अक्का."

सव्वीस वर्षं बसमध्ये लोक जिला विचारत आले, त्या भाग्यलक्ष्मीनं मान हलवली.

"सरी, बरं," ती म्हणाली आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आत मागच्या रांगेत जाऊन बसली.